आमच्या चिंचेवरच्या लेकुरवाळ्या

रा. रा. पुंडलिकराव व्याही यांना दिग्रसहून किसनरावचा सादर रामराम. तुमची शुगर काबूत असेल, विहीणबाईंचे गुडघे बरे असतील आन् आमची समीक्षा तुमच्या घरी सुखात असेल, असं धरून चालतो. (फोनवर विहीणबाई मले 'हॅलो'च्या पुढं जाऊच देत नाहीत, म्हणून कागद धरला.)

आमचं काय विचारता! वटवाघळांनी जीव नकोसा केला. आधी ती कॉलनीच्या मैदानातल्या वडावर लटकायची. लोक वैतागले, आन् माझी अक्कल गेली चरायला, मीच पुढारी झालो! थाळ्या, डफडं, दिवाळीचे फटाके, सारी कॉलनी जमवली. असा दणका दिला का वाघळं उठली, घिरट्या मारल्या आन् थेट माझ्या परसातल्या चिंचेवर येऊन लटकली. कॉलनी थाळ्या घेऊन घरी गेली. वर शेजारची नंदाबाई म्हणते, "नशीबवान हाये तुम्ही भाऊजी, घर पाहूनच आले ते." आता गच्चीवर कुरडया वाळू घातल्या का वरून शिंतोडे, आन् दिवसभर अशी किचकिच का मले माझंच बोलणं ऐकू येत नाही.

मी उरलेले फटाके काढले, तर आमची घरवाली कोकिळा दारात आडवी! जिच्या कुरडया नासल्या, तीच! म्हणे, "वर पाहा जरा. छातीले पिल्लं धरून हायेत त्या. लेकुरवाळीले दारातून हाकलते का कोणी?" वनखात्याच्या माणसाला बोलावलं, वाटलं हा तरी माझ्या बाजूचा. तो तिच्याच बाजूचा निघाला! म्हणे, पिल्लांना उडता येत नाही, हुसकावलं तर पडून मरतील. पावसाळ्यापर्यंत थांबा, मग फांद्यांचं पाहू. तोवर वाळवण झाका, त्यांची उष्टी फळं खाऊ नका, खाली पडलेल्या वाघळाला हात लावू नका. म्हणजे पाहुणे ते, आन् सांभाळून राहायचं मी! ताडपत्री बांधून बसलो आहे.

आपला,
(ताडपत्रीखालचा) किसनराव

ता. क. हे सारं वाघळांसाठी लिहिलं नाही. समीक्षाचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच होते ना? समीक्षा सांगते, विहीणबाई म्हणतात, वाघळाच्या घरी सून पाठवत नाही. खोलीच्या खिडकीले जाळी ठोकली, पाळणा धुऊन ठेवला. मले लेक घरी पाहिजे, बस!

आणखी ता. क. कोकिळा म्हणते, "साऱ्या वाघळींचं बाळंतपण माह्या दारी, आन् माह्या लेकीचं नाही?" विहीणबाईंना याचं उत्तर सुचते का पाहा.

शेवटचा ता. क. पत्र पोष्टात टाकाले निघालो, ते तुमच्या पुसदच्या जीपमध्येच बसलो. हे शब्द तुमच्या फाटकाशी उभा राहून लिहून राह्यलो. मले आत नाही बोलावलं तरी चालते, पोरीची बॅग तेवढी बाहेर द्या.