तिसरी बदली

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि महिनाभराची रजा. बाबांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला त्याच्याच इमारतीत हा प्रकार, म्हणून मला जिन्यातच हसू फुटलं. वर येऊन सांगितलं तर बाबाही हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली. फार खंगलेत. कप हातात घेतला की बशी वाजते, आणि खिडकी म्हणायचं असलं की नुसतं ‘ते’ म्हणतात. डॉक्टरांचं म्हणणं, वय झालं, दुसरं काही नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दाढा कोरायच्या, त्यामुळे कुणाचा हात थरथरताना मला बघवत नाही. आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा इथे एकटेच आहेत. धाकटी बहीण शाळेत खेळ शिकवते, तिला परीक्षांआधी सुट्टी मिळेना, म्हणून मी आले. बाहेरच्या खोलीत गादी घातली, सगळे पडदे धुऊन टाकले, घरात उजेड आला. रोज चार ओळी लिहायचं ठरवलंय, तेवढंच बसून करायचं काम.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांचा विरंगुळा सापडला. कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतात, पण आपलं साधं नाही. पट भलामोठा, आणि त्यावरच्या सोंगट्या प्राणिसंग्रहालयाचं दार उघडं राहिल्यासारख्या. जिराफ आहे, तो घोड्यापेक्षा लांब उडी मारतो. टोळ आहे, त्याला उडी मारायला मध्ये कुणीतरी बसलेलं लागतं. समोरच्या खेळाडूचं नाव ‘निवांत’. तो कोण, कुठला, बाबांना माहीत नाही. एकच डाव वर्षानुवर्षं चाललाय, दिवसाला एक खेळी.

बाबांचा हात माउसवर ठरत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी हलवते. जिराफाची चाल मला काही केल्या जमेना. तेव्हा म्हणाले, कवळ्यांचे साचे करता करता तुझ्या डोक्यातही प्लास्टर गेलंय. किती दिवसांनी कुणी माझी अशी चेष्टा केली. बरं वाटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबांची रात्र वाईट गेली. सकाळी उठवून बसवलं तर मान सावरेना. पटावर बघते तर निवांतने त्यांच्या राजाला शह दिलेला.

कडेला नियम लिहिलेले असतात, ते वाचले. या खेळात बदली नावाची एक सोंगटी आहे. ती राजाच्या घरात जाऊन उभी राहते आणि राजा तिच्या घरी जाऊन स्वस्थ बसतो. पुढचे सगळे शह मग बदलीला. बदली पडली की पुन्हा पाळी राजाची. प्रत्येकाला तीन बदल्या मिळतात. बाबांची एक आधीच पडलीय, दोन शिल्लक आहेत.

मी म्हटलं, बदली हलवू या, म्हणजे राजा सुटेल. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुला वाटत असेल तर हलव. मी हलवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज बाबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. खिडकी उघड म्हणाले, चक्क खिडकी. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

मला मात्र जिना चढताना दोनदा टेकावं लागलं. इतक्या दिवसांचा शीण आता बाहेर पडत असणार. दुपारी झोपले, उठले तरी अंग जडच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाबा हत्यारांची पेटी घेऊन खाली गेले आणि लिफ्ट चालू करून आले. सगळी इमारत त्यांचं कौतुक करतेय. परत आले ते शीळ घालत. खेळीही आता स्वतःच खेळतात.

मी दिवसभर पडून होते. दुधाचं पातेलं हातातून सुटलं, तर ओटा बाबांनीच पुसला. निवांतने आज पुन्हा शह दिला. बदलीला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

येताना बॅगेत मेणाची कांडी टाकली होती, सवय म्हणून. आज एक दाढ कोरायला घेतली. झोपेतही करीन असं काम. नुसता लगदा झाला. दिवसभर मीही ‘ते’ म्हणत होते, ‘ते’ म्हणजे चमचा, हे संध्याकाळी आठवलं.

बाबांना सरळ विचारलं, बदली हलवली म्हणून मला हे होतंय का. त्यांनी नाकारलंही नाही. म्हणाले, पहिली बदली तुझ्या आईने हलवली. मी सांगितलं नव्हतं, तिनेच हलवली. दोन वर्षं ती उभी राहिली, मग पडली. माझ्या हाताने बदली हलत नाही, दुसऱ्याचाच हात लागतो, आणि ज्याचा हात त्याच्यावर शह.

मी म्हटलं, मग मला अडवलं का नाही. ते म्हणाले, त्या दिवशी मला फार थकवा होता गं.

आईला आम्ही दोघी म्हणायचो, किती कुरकुर करतेस, जरा चालत जा, बरं वाटेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डाव सोडून द्यायचं बटण आहे. डाव सोडला की राजा पडतो. राजा म्हणजे बाबा.

ते भाजी आणायला गेले असताना मी खुर्चीपर्यंत पोचले, भिंत धरून. बाण बटणावर नेला. तेवढ्यात लिफ्ट वाजली. दारातूनच त्यांनी विचारलं, तुझ्यासाठी खिमटी करू का, गिळायला सोपी जाईल. पिशवी हातात, कपाळावर घाम. चांगले दिसत होते. मला नाही जमलं. त्यांचा राग येतो, आणि ते शीळ घालायला लागले की ऐकत पडावंसं वाटतं.

आज पुन्हा शह.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तिसरी बदली आहे अजून. ती दुसरीच्या जागी जाऊन उभी राहू शकते, मग दुसरी सुटते. मी हलवली तर पुन्हा मीच. बाबांच्या हाताने हलत नाही. म्हणजे —

बाबांनी धाकटीला फोन केला. ताईची तब्येत बरी नाही, म्हणाले. एवढंच. मी ऐकत होते. नको म्हणणार होते. शब्द यायच्या आत फोन ठेवला त्यांनी. की मीच वेळ लावला —

शनिवार, २२ फेब्रुवारी

धाकटी आली. लिफ्ट चालू असून जिन्याने आली, उड्या मारत. मला उचलून अंघोळ घातली. केस विंचरले. बाबांना फैलावर घेतलं, ताईची काय दशा केलीत म्हणून. ते खाली बघत होते.

तिचे हात किती गरम आहेत.

तिला सांगायचंय, ते नको — ते — पटाला हात नको लावूस. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. ती म्हणते, बोलू नकोस ताई, दमतेस. मग मी खरंच नाही बोलत. बोलता येतं अजून थोडं. येतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा शह. मान उचलत नाही. उशीला टेकून लिहिते, अक्षर वाकडं.

धाकटी कॉम्प्युटरपुढे बसलीय. मला बरं वाटावं म्हणून. म्हणते, ताई, तुमचा डाव मी खेळते, तू नुसतं सांग. जिराफ बघून हसली.

बाबा दाराशी. माझ्याकडे बघतायत. तसेच बघत होते ते, मी —

घाबरलेय. आई, फार थकलेय गं.

ती विचारते, यातली कुठली हलवू. नुसती दाखव, मी हलवते.

नाही म्हणायला मान पुरे. एवढीशी हलवली तरी कळेल तिला. दाखवायला मात्र हात मोकळा लागतो.

पेन खाली ठे