झोपेचे चूर्ण आणि मंडळीची बरणी

मिरजगाव, ता. कर्जत
बुधवार, १५ मे १९४६

प्रिय विल्सनदाजी यांसी,

मेहुणा कृपादान याचा सलाम. आम्ही येथे प्रभुकृपेने जिवंत आहो (हे वाक्य यंदा शोभेसाठी लिहिलेले नाही, ते पुढे कळेलच). दीनाक्काचे गुडघे कसे आहेत? तुमच्या दवाखान्यातली तापकऱ्यांची गर्दी ओसरली का? लिडिया तुम्हां दोघांना सलाम सांगते. तिने आणखीही बरेच सांगितले आहे. पण ते सगळे चूर्णाविषयी आहे, आणि तुम्ही नात्याने वडील, म्हणून लिहीत नाही.

पहिली तक्रार कागदाची. मला झोप येत नाही असे मी कळवले आणि तुम्ही लगोलग घरचे चूर्ण धाडलेत, हे उपकारच झाले. पण ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात ते बांधलेत, त्यावर एका म्हशीच्या चोरीचा खटला छापलेला होता. म्हैस कोणाची, शिंगे कशी, कोणत्या वाटेने नेली, तीन साक्षीदार काय बोलले, आरोपीची सासू काय बोलली, सगळे होते. आणि "यावर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोपीस विचारले की" एवढ्यावर तुमची कात्री चाललेली. दाजी, ज्याला झोप नाही त्याला अर्धा खटला पाठवणे हे कोणत्या वैद्यकात बसते? पुडी हातात आल्यापासून दोन रात्री मी आढ्याकडे बघत त्या म्हशीच्या मागे हिंडलो. लिडिया म्हणाली, पुडीवरचे वाचत बसू नका, पुडीतले घ्या. तिचे मी सहसा ऐकत नाही. या खेपेला ऐकले.

आता अनुपानाकडे, म्हणजे चूर्ण कशाबरोबर घ्यायचे त्याकडे येतो, कारण घोटाळा तिथेच आहे. पुडीत तुमच्या कंपौंडरी अक्षरातली चिठ्ठी होती: तगर, जटामांसी, सर्पगंधा, झोपायच्या आधी एक चमचा, मनुकांच्या पाण्याबरोबर. मनुका! पारनेरात त्या बाभळीला लागतात की काय, मला ठाऊक नाही. इथे साखर कार्डावर मिळते, घासलेट रांगेत मिळते, आणि मनुका मिळतच नाहीत. फक्त एका ठिकाणी होत्या. तुम्हांला माहीत आहे, आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाला दारू चालत नाही; मनुका उकळून गाळलेले पाणी प्याल्यांत घालतो. ते पाणी करायचे लिडियाने, आणि त्याची बरणी सांभाळायची मी. कारण मी मंडळीचा पंच, शाळेचा हेडमास्तर आणि मद्यनिषेध सभेचा चिटणीस (कामे तीन, पगार एकाचा). पाच तारखेच्या रविवारसाठी लिडियाने आदल्या दिवशी बरणीभर पाणी केले आणि साखर नव्हती म्हणून सढळ हाताने गूळ घातला. पण पाळकसाहेबांची सर्व्हिस मोटार वाटेत बसली (आमच्याकडे मोटारी बसतात आणि माणसे चालतात) आणि ते आलेच नाहीत. निरोप आला की प्रभुभोजन आता जूनमध्ये. बारा तारखेला येतो, पण फक्त मद्यनिषेध सभेपुरता.

राहिली बरणी. पाणी मंडळीच्या मनुकांचे, म्हणून ओतून देता येत नाही. प्रभूच्या मेजासाठी केलेले, म्हणून पोरांना वाटता येत नाही. मी पंच या नात्याने प्रश्न मांडला आणि चिटणीस या नात्याने निकाल दिला: त्यावर अजून प्रार्थना झालेली नाही, सबब ते नुसते मनुकांचे पाणी, आणि हेडमास्तराला झोप लागली तर त्यात मंडळीचेच हित. बारा तारखेला, सभेच्या आधी तासभर डोळा लागावा म्हणून, दुपारचे जेवण होताच शाळेच्या कपाटातून बरणी काढली. वर पत्रा, महिना मे, बरणी आत आठ दिवस. तोंडाला बांधलेले फडके बेडकाच्या गळ्यासारखे फुगले होते. दोरी सोडली तर बरणीने चक्क सुस्कारा टाकला. पाण्यावर फेस, आणि घोट घेतला तर जिभेला चुणचुण. तुम्ही वाचताच ओळखले असेल. मी ओळखले नाही. मी जन्मात थेंब घेतलेला नाही, दाजी. चौदा वर्षांत त्या पदार्थावर दीडशे व्याख्याने मात्र दिली आहेत. त्यामुळे तो प्रत्यक्ष भेटला तेव्हा परकाच वाटला. मी समजलो, हा तगरीचा गुण.

एक चमचा चूर्ण, पेलाभर पाणी. झोप आली नाही, पण म्हैस गेली. एवढेच नव्हे, तर खिडकीतून दिसणारा आमचा उजाड माळ मला हिरवा वाटू लागला आणि गेल्या साली तपासणीला येऊन गेलेले इन्स्पेक्टरसाहेब एकाएकी सज्जन वाटू लागले. औषध लागू पडते आहे असे पाहून मी दुसरा चमचा आणि दुसरा पेला घेतला. तिसऱ्या खेपेला चमचा सापडेना, म्हणून अंदाजाने. मग चारचे ठोके पडले आणि मी सभेला गेलो. (गेलो म्हणजे वाटेतल्या भिंतींनी मला हातोहात पोचवले.)

सभा शाळेच्याच खोलीत होती (उपासनाही तिथेच होते), आणि उंबऱ्याशी बनुबाई बसलेली होती. ही बाई तुमच्या ओळखीची नाही. आमच्या शाळेची झाडलोट करते. नवरा छगन दोन वर्षांमागे वारला. गेल्या पावसाळ्यात एकदा उपासनेत तिच्या तोंडाला वास आला. ती म्हणाली, कंबरेसाठी वैद्याने आसव दिले आहे. मी उठून म्हणालो, "औषधाचे निमित्त हे दारूचे सर्वांत जुने निमित्त आहे." (वाक्य मला इतके आवडले की दोनदा म्हटले.) सभेच्या वहीतून तिचे नाव मीच खोडले. प्रभुभोजनही बंद झाले. तेव्हापासून झाडायला येते तेवढीच; लोक जमले की ती आत येत नाही. उंबऱ्यावर बसून उपासना ऐकते.

व्याख्यानाचे पुढचे लिडियाच्या सांगण्यावरून लिहितो. मला एवढेच आठवते की पाळकसाहेबांच्या एका टोपीखाली दोन पाळकसाहेब बसले होते. सुरुवात म्हणे बरी झाली. नंतर मी श्रोत्यांना सांगितले की माझ्या व्रताचे कोणी कौतुक करू नये. मी दारू सोडलेली नाही, मला आजवर कोणी दिलेलीच नाही. मग म्हशीच्या खटल्यात पाळकसाहेबांना साक्षीला बोलावले. आमचे शेजारी गोरक्ष मागे बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "आज मास्तर लई रंगात हाय." आणि मग मी टेबल धरले, पण टेबलाने मला धरले नाही.

इथवर हसलात तर माझी हरकत नाही. याच्या पुढचे सांगताना लिडिया मध्येच थांबते. हात गार, ओठ काळेनिळे, नाडी लागेना, आणि श्वास म्हणजे विहिरीच्या तळातून रहाट ओढल्यासारखा. लोक म्हणाले, ऊन लागले. मला उताणे निजवून डोक्यावर पाणी ओतू लागले. कोणी काढा करायला धावले. तेव्हा दहा महिन्यांत पहिल्यांदा बनुबाई भरल्या सभेत उंबरा ओलांडून आत आली. "उतानं नका निजवू! कुशीवर करा, वकले तर घशात जाईल," म्हणून तिने गर्दी बाजूला सारली, मला कुशीवर केले, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, आणि दिवेलागणीपर्यंत हाका मारून, चिमटे काढून, थोबाडीत मारून मला या जगात धरून ठेवले. (थोबाडीत किती मारल्या याबद्दल लिडिया आणि गोरक्ष यांचे आकडे जुळत नाहीत.) काढ्याचा थेंबही तिने तोंडाला लावू दिला नाही. तिला हे कसे ठाऊक, तर छगन असाच गेला. बाजारातल्या जडीबुटीवाल्याची झोपेची मुळी त्याने घेतली आणि वर दारू. ती लिडियाला म्हणाली, "मुळी बी निजवती, दारू बी निजवती. दोघींनी मिळून निजवला, मंग उठवनार कोन?" तेव्हा तो उताणाच होता आणि सगळे म्हणाले, निजू द्या. आणि मी, दाजी, त्याच्या मातीनंतरच्या रविवारी त्याच्यावरच व्याख्यान दिले होते.

मी हळूहळू डोळे उघडू लागलो तसे पाळकसाहेब नाक वर करून म्हणाले, "पण हा वास कुठून येतो आहे?" लिडियाने मान खाली घातली. आणि बनुबाई म्हणाली, "माझा हाय. दुपारी जरा घेतली हुती."

असा तो निकाल लागला. हेडमास्तराला ऊन लागले आणि झाडणारी प्यालेली होती. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, पाळकसाहेबांसमोर पंचांची सभा आहे. त्यात तिचे नाव मंडळीतूनच काढायचे ठरले आहे. शाळा मिशनची, त्यामुळे नाव गेले की शाळेची झाडलोटही गेली. खोडायचे चिटणीसाने.

सोमवारी ती लोटीभर ताक घेऊन आली. कपाटातली बरणी तिने आधीच घासून पालथी घातली होती. मी विचारले, "बनुबाई, खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "मी उंबऱ्यावर बसती, मास्तर. उंबऱ्यावरच्याला आनि किती भाईर काढनार? तुमी गेला तर शाळंला कुलूप लागंल आन् पोरं जातील गुरांमागं." मी म्हणालो की ते चूर्ण होते, झोपेचे, मला खरोखरच ठाऊक नव्हते. तिने पदर खोचला. "व्हय की. पर औशदाचं निमित लई जुनं असतं म्हनं." चौदा वर्षांच्या व्याख्यानांतले एखादे वाक्य कोणी पाठ केल्याचे मला पहिल्यांदाच दिसले.

तर हे तुमच्या चूर्णाचे वृत्त. यापुढे पुडीवर ठळक लिहीत जा की दारू, आसव, किंवा बरणीत आंबलेले काहीही याबरोबर घेऊ नये. आणि घेतलेच तर उशाशी एखादी बनुबाई ठेवावी. अंगात अजून त्राण नाही. बसलो की उठवत नाही, उठलो की बसवत नाही. दीनाक्कास सलाम.

तुमचा थकलेला मेहुणा,
कृपादान

ता. क. गोरक्ष उद्या लेकीकडे पारनेरास निघतात. हे पत्र तेच हाती देतील आणि शनिवारी परततील. त्यांच्याबरोबर तुमच्या डॉक्टरसाहेबांच्या सहीचा दोन ओळींचा दाखला धाडावा, की कृपादान मास्तर यांस बारा तारखेस उन्हाचा झटका आला होता. चार पाने खरे तर यासाठीच लिहिली. बनुबाईने स्वतःहून कबूल केले आहे. दाखल्याने तिचे अधिक काही बिघडत नाही, असे मी दोन दिवस स्वतःला सांगतो आहे.

दुसरा ता. क. तुमच्या तोंडावर टाकायची म्हणून चिठ्ठी शोधून पुन्हा वाचली. तीत "मनुकांच्या ताज्या पाण्याबरोबर" असे आहे, आणि "ताज्या" खाली दोन रेघा आहेत. म्हणजे वर तुमच्यावर जो राग काढला आहे त्याला आधार उरलेला नाही. तरी तो तसाच राहू द्यावा. कागद महाग आहे.

तिसरा ता. क. रविवार, १९ मे. गोरक्ष अजून इथेच आहेत. गुरुवारी मोटार बसली, शुक्रवारीही बसली; आता उद्या निघतात. म्हणजे दाखला वेळेवर येणारच नव्हता. सभेत पंचांसमोर वही उघडली आणि टाक माझ्या हाती दिला. मी मद्यनिषेध सभेच्या पानावर बनुबाईचे खोडलेले नाव पुन्हा लिहिले आणि चिटणीसाचे खोडले. मग तसे का केले ते बरणीसकट खाली लिहून वाचून दाखवले. लिडिया पहिल्याने रडली, मग म्हणाली की गूळ मी घातला होता, माझेही लिहा. पाळकसाहेबांनी वही आपल्याकडे ओढून मी लिहिलेले पुन्हा वाचले. शेवटी म्हणाले, "बनुबाईचं राहू द्या. पण मास्तर, तुम्ही आता बसणार कुठं?" मी सांगितले, उंबऱ्यावर जागा झाली आहे. शाळेचे काय होते ते नगरच्या मिशन कचेरीकडून कळेल तेव्हा कळेल. दाखला धाडू नये. त्याऐवजी वर्तमानपत्राचा उरलेला तुकडा सापडला तर धाडावा. त्या आरोपीने शेवटी काय उत्तर दिले ते मला कळले पाहिजे.

आणि बनुबाईची ताकाची लोटी सोमवारपासून आमच्याकडेच पडून होती. रिकामी कशी द्यायची, म्हणून लिडियाने डब्यातला उरलेला गूळ तीत घातला आणि आज सभेनंतर मी स्वतः नेऊन दिली. बनुबाईने आत डोकावून आधी वास घेतला. "नुसता गूळच हाय ना, मास्तर?" म्हणाली, आणि ठेवून घेतली.