भट्टी स्वच्छ होती

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले खरी, पण चित्त थाऱ्यावर नाही. तुझा भाचा, माझा बाळ, निरीक्षक झाला खरा, पण त्याच्याविरुद्ध तुझ्याच नगरपालिकेत तक्रार गेली आहे म्हणे. मेहुण्याच्या बेकरीची तपासणी करून त्याने स्वतःच परवाना दिला, एवढाच गुन्हा! अरे, भट्टी स्वच्छ होती, पिठाचे डबे झाकलेले होते, हे कुणी नाकारत नाही. मग चुकलं कुठे? तू नीतिसमितीचा अध्यक्ष असताना पोराची नोकरी जाते की राहते या काळजीने मी घरभर येरझाऱ्या घालायच्या का? तक्रार कोणी केली, तेवढं कळव. माझा संशय सुनेच्या माहेरावर आहे. भावासाठी तिनेच नवऱ्याला गळ घातली असणार, आणि आता बेकरीतल्या भागीदारांचं आपसात बिनसून त्यांच्यातल्याच कुणी तक्रार केली असणार. तिचा फोन आला की मी उचलत नाही.

रागावू नकोस, उत्तर मात्र लगेच टाक.

तुझी धाकटी

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे अक्षर एरवी सरळ रेषेत चालते. या वेळी ते इतके तिरके धावले आहे, की मजकूर वाचण्यापूर्वीच तुझी अवस्था कळली.

चुकले कुठे, असे तू विचारतेस. भट्टी स्वच्छ होती, हे मान्य. परंतु ती स्वच्छ असल्याचे सांगणारा तो नसावा, एवढाच नियम आहे. नातलगाचे काम आले, की ते दुसऱ्या निरीक्षकाकडे सोपवायचे असते. तोच नियम मलाही लागू आहे. तक्रारीचा लिफाफा मीच उघडला, भाच्याचे नाव वाचले आणि उठून बाहेर आलो. माझ्या खुर्चीवर आता बदली सदस्य बसतो. मी बाहेरच्या बाकावर असतो. तेथील पंखा कुरकुरतो, आणि त्याच्या जोडीला मी.

तक्रारदाराचे नाव निकालापूर्वी सांगता येत नाही. मी ते वाचलेले आहे, म्हणून तर मुळीच नाही. सुनेचा फोन मात्र उचलत जा. हे वडीलकीने सांगतो. पायांना शेक दे. माया आहे, तशीच राहू दे.

तुझा दादा

दि. १६ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या प्रत्येक भांडणात तू न बोलावता मध्ये पडायचास. आता बाकावर बसतोस! छान.

काल सून स्वतःच आली होती, फळांची पिशवी घेऊन. मी तिला आत घेतलं नाही. तुझ्या भावापायी माझ्या पोराच्या पोटावर पाय येतोय, असं तोंडावर सुनावलं. ती अवाक्षर बोलली नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि आल्या पावली परत गेली. खोटं असतं तर तिने उलटून उत्तर दिलं नसतं का? तूच सांग. की तेही निकालानंतर?

धाकटी

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून पानावरून उठलो. उत्तरे लिहिली आणि फाडली. एक वाक्य लिहिले, तर पुढचा अनर्थ टळेल, हे मला ठाऊक आहे. ते वाक्य माझ्यापाशी आहे. पण ते माझे नाही. तिला आणखी काही बोलू नकोस, एवढी विनवणी.

दादा

दि. २ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. नोकरी शाबूत आहे. लेखी ताकीद मिळाली, आणि बदली गटार विभागात झाली. तिथे कुठल्याच मेहुण्याचं दुकान निघायची भीती नाही. बेकरीची तपासणी दुसऱ्या निरीक्षकाने नव्याने केली. परवाना कायम आहे.

आता सांगायची मोकळीक आहे. तक्रार मीच केली होती, माझ्याविरुद्ध. सोबतचा निरीक्षक रजेवर होता, दुकानाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून मी सही करून टाकली. पण पुढे जेवण गोड लागेना. लिहायचं धाडस तुझ्या सुनेने दिलं. भाऊ माझा आहे, त्यामुळे बोल मलाच लागणार, तरी लिहा, असं ती म्हणाली. निकालापर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा नियम मीच तिला बजावला होता. म्हणून ती तुझ्या दारात गप्प राहिली. लिफाफा मामांच्याच हाती पडेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

काळजी करू नकोस. तब्येतीला जप.

तुझा बाळ

दि. ६ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बाळचं पत्र आलं. तुला त्यात नवीन काहीच नसणार. तिला फोन लावते आणि रिंग वाजायच्या आत ठेवते. तक्रार कशी करावी, कोणी बाजूला व्हावं, या सगळ्याला तुमच्याकडे कलमं आहेत. सुनेला पायरीवरून परत पाठवणाऱ्या सासूने काय करावं, तेही शोधून कळव. तुझ्यावर रागावले आहेच. ते सवडीने लिहीन.

धाकटी

दि. १० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शोधले. तसे कलम नाही.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने ये. स्थानकावर मी येतो. तेथून दोघे तिच्याकडे जाऊ. येत असल्याचे मी तिला कळवलेले आहे. या किंवा येऊ नका, असे काहीच ती म्हणाली नाही. नियम पाळल्याबद्दल मला क्षमा मागता येणार नाही, आणि तिच्यासमोर गप्प उभे राहणेही जमणार नाही. म्हणून तिने दार उघडलेच, तर आधी तू बोल. मला शब्द जुळवायला वेळ लागेल.

तुझा दादा