नापास बियांचा भोपळा

अयोध्या नगर, भोपाळ

तीर्थरूप मिलिंदमामांस,

क्षितिजाचा नमस्कार, वाकून. मामीचा गुडघा कसा आहे? (लिफ्टच्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊनही ती जिनाच चढते, असं आई सांगत होती.) आम्ही ठीक आहोत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही मध्येच "अरेरे" म्हणाला असता आणि पुढचं मी गिळलं असतं.

उज्जैनचं घर विकलंत तेव्हा तुमच्या बक्षिसाच्या भोपळ्याच्या सगळ्या बिया मला दिल्यात, स्वतःकडे एकही ठेवली नाहीत. "निवड तू कर, तू इंजिनियर," म्हणालात. मी कारखान्यात वेल्डिंगचे जोड न फोडता तपासते, त्यामुळे बिया तपासणं मला सोपं वाटलं. सगळ्या पाण्यात टाकल्या. बुडेल ती भरीव, तरंगेल ती पोकळ. (हा निकष मी वाचला होता, तो कुठल्या बियांचा, हे वाचलं नव्हतं.) चार बुडाल्या, बाकी सगळ्या तरंगल्या. इतका माल नापास झाला की कारखान्यात आम्ही आधी यंत्र तपासतो. इथे मी बियांना दोष दिला, आणि मनातल्या मनात तुमच्या बागेलाही.

नापास बिया शेजारच्या शारदाकाकूंना दिल्या, भाजून खायला. (काकू ग्वाल्हेरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका.) पास झालेल्या चौघींना खत, ठिबकची नळी, मातीत तापमापक, सगळं दिलं. एकही उगवली नाही. उकरून पाहिलं तर त्यांच्या कवचांना बारीक चिरा होत्या, म्हणून पाणी शिरून बुडाल्या होत्या. चिरा शोधण्याचाच मला पगार मिळतो. काकूंनी मात्र बिया भाजल्याच नाहीत (नापासांना पुन्हा परीक्षेला बसवायची जुनी सवय), गॅरेजमागच्या शेणखतात खोचल्या. वसाहतीच्या भाजी प्रदर्शनात त्यांचा भोपळा चौघांनी सतरंजीत घालून आणला आणि तो पहिला आला. वजनकाट्यापाशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "क्यों बेटा, तुझ्या फेल पोरी तर फर्स्ट आल्या की गं." माझे साहेब शेजारीच उभे होते. मी टाळ्या वाजवल्या.

तुमचं वाण जिवंत आहे, एवढंच कळवायचं होतं. लाज वाटते, तेही कळवते.

तुमची भाची,
क्षितिजा

ता. क. रविवारी काकू तो भोपळा चिरणार आहेत. त्यांच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईने चालवायची नसते. काकूंचे यजमान वसंतकाका मुलीकडे गेलेत, आणि बाबा हात दुखतो म्हणाले (दुखत नाही, त्यांनाही लाज वाटते). मी तुमचं नाव सुचवलं. सकाळच्या गाडीने याल का? सुरी चालवणाऱ्याला मूठभर बिया द्यायचं काकूंनी कबूल केलंय. निवड तुम्हीच करा. मला पाण्याजवळ उभं करू नका.

आणखी एक. बिया कुठल्या, असं काकूंनी विचारलं तेव्हा मामाच्या ठेवणीतल्या बिया नापास केल्या, असं सांगवेना. बिट्टन मार्केटमधून आणलेल्या भोपळ्याच्या, असं सांगून बसले आहे. तेव्हा रविवारी तो भोपळा समोर आला की ओळख दाखवू नका. कसा वाटला, असं काकू नक्की विचारतील. बाजारातला दिसतो, असं म्हणाल ना?