फाटकाजवळची सावलीतली जागा

३ मार्च
आजपासून गाडी बंद. पर्यावरणासाठी. ऑफिस हाकेच्या अंतरावर, उद्यापासून चालत. हिशेब विभागातल्या बाई सायकलवर येतात आणि साहेब त्यांचे गोडवे गातात, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

४ मार्च
गाडी नेली. बूट नवे होते. बायको म्हणाली, जुने घाला. हिला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय.
शिवाय फाटकाजवळची, झाडाखालची पार्किंगची जागा माझी. विभागप्रमुख झालो तेव्हा मिळाली, पाटीसकट. ती रिकामी ठेवणं म्हणजे पदाचा अपमान.

७ मार्च
गाडी. आभाळ आलं होतं. पडलं नाही, पण पडलं असतं.
बाई घामाघूम. हेल्मेट मुद्दाम टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं. नुसता देखावा! खरं पर्यावरणप्रेम मनात असतं. माझं आहे.

११ मार्च, सकाळ
बसने जायचं ठरवलं. बस चांगली आहे, आत लोक नसते तर. परत येऊन गाडी काढली. रस्ता तुंबलेला. एकेक माणूस एकेक गाडी घेऊन निघतो, लाज नाही लोकांना. हॉर्न दाबून निषेध नोंदवला.

१४ मार्च
मीटिंग. साहेबांनी विचारलं, प्रदूषण कमी कसं करायचं? बाई तोंड उघडायच्या आत मी भाषण ठोकलं. जवळ राहणाऱ्यांनी गाडी आणणं हा गुन्हा! सायकलींना मानाची जागा हवी! टाळ्या. बाईंची बोलती बंद. जिरवली.

१७ मार्च
घात झाला. माझ्या जागेत सायकलींचा स्टँड. पाटी वॉचमनने स्टुलाखाली टेकू म्हणून सारली आहे. बाईंनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. आतल्या गाठीची बाई!
साहेबांना म्हटलं, माझा मुद्दा तात्त्विक होता. ते म्हणाले, म्हणूनच आवडला. गाड्या आता मैदानात लावायच्या.

१८ मार्च
मैदान आमच्या घराच्या पलीकडे. म्हणजे ऑफिसकडे पाठ करून गाडी न्यायची, लावायची, आणि आपल्याच दारावरून चालत ऑफिस गाठायचं. नेणार! गाडी सोडली तर बाईंना वाटेल, मी हरलो.

२१ मार्च
ऊन. मैदानातून येताना बाई घंटी वाजवत पुढे गेल्या. हसल्यासुद्धा. अंगाचा तिळपापड झाला.
बायको दारात उभी, हातात मी विसरलेला डबा. म्हणाली, गाडीला रोज शाळेत सोडायला जाता का?
चोख उत्तर तयार होतं. पण दम लागला होता.