बादलीतलं पाणी मी फेकलं नव्हतं

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे कागदावरच घालते, गोड मानून घ्या). डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि आता हे अक्षर दिसत असेल. वेडंवाकडं दिसलं तर डॉक्टरांना बोल लावू नका, ते तसंच आहे. शाळेत मी तीनच वर्षं गेले, त्यातलं एक खिडकीबाहेर बघण्यात गेलं.

पत्रास कारण तुमच्या भावाची नात. "अगं, पोरीला शिकू दे," म्हणून तुम्ही तेव्हा हटून बसलात, त्याचे उपकार आज मानते. (मी कबूल होईपर्यंत तुम्ही चहाला हात लावत नव्हतात आणि चहा दोनदा गरम करावा लागला, म्हणून कबूल झाले, हेही खरं.) पोरगी प्रयोगशाळेत घाण पाण्यातलं शिसं काढते, आणि त्याबरोबर औषधंही, म्हणजे लोक जंतू मारायला घेतात आणि मग गटारात जातात ती. कापसात आणि लाकडात म्हणे एकच तंतू असतो, सेल्युलोज त्याचं नाव. साधा असतो तेव्हा भोळा, पाणी आलं काय नि गेलं काय, याला पत्ता नाही. पण रसायनांत घालून तयार केला की दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात धरून बसवून घेतो. मला लगेच समजलं. तुमच्या दारावरून मी चाळीस वर्षं जाते आहे.

तर त्या तंतूच्या वापरलेल्या चकत्या वाळवायला तिने घरी आणल्या, प्रयोगशाळेतली भट्टी बिघडली म्हणून. मला खिडकीत बारा मळकट चकत्या दिसल्या. मळकं कापड दिसलं की माझे हात थांबत नाहीत. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्या, तीनदा चोळल्या, पांढऱ्या करून दोरीवर टाकल्या. पोरगी घरी आली आणि भिंत धरून खालीच बसली. चार महिन्यांचं काम! सोमवारी सर येणार, आकडे जुळले तरच बॅटरीच्या कारखान्याशेजारच्या विहिरीवर या चकत्यांचं गाळण-यंत्र बसणार, नाहीतर तिथल्या बायका आहेतच दोन मैलांवरून पाणी वाहायला.

मग तिने एकच विचारलं, "आजी, धुतलेलं पाणी कुठंय?" कुठं असणार? मी पाणी कधी फेकलंय का? फरशी पुसायला बादलीत ठेवलं होतं, गुडघ्यांमुळे पुसायची राहिली. तिने बादलीलाच मिठी मारली (मला नाही). आंबट पाण्याने चकत्या धरलेलं शिसं सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात, हे तिलाही दाखवायचंच होतं. पाणी तपासलं, शिशाचा आकडा कणाकणाने जुळला. औषधाचा मात्र नाही. चकत्यांनी धरलं त्याच्या चाळीसपट औषध बादलीत! आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून? चार दिवस पोरगी वहीत डोकं खुपसून बसली आहे, जेवणावर लक्ष नाही. मी म्हटलं, पाणी तपासायचं यंत्र बिघडलं असेल.

सर्वांना आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. खरं कारण आता लिहिते. दाताच्या डॉक्टरने मला दहा कॅप्सूल दिल्या होत्या. तिसरीला सूज उतरली. उरलेल्या फुकट का घालवा? जंतू मारतात ना, मग फरशीवरच्या जंतूंनी काय पुण्य केलंय? सातही उघडून त्याच बादलीत झटकल्या. डबीवरचं नाव आणि पोरीच्या वहीतलं नाव एकच निघालं हो. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत, तुमचं ती ऐकते. सोमवारच्या आत फोन करून तेवढं सांगा. माझ्या तोंडून निघत नाही, कारण गटारात औषधं ओतणाऱ्यांना मी रोज जेवताना तिच्यासमोरच शिव्या घालते आहे.

ता. क. दुसरा. फोन नको. पाकिटावर पत्ता तीच लिहिते, आणि पत्र न वाचता पाकीट चिकटवणारी आपल्या घरात अजून जन्मायची आहे. "किती होत्या?" "सात." वजाबाकी केली, आकडा बसला, आणि इतकी हसली की रागवायचं राहून गेलं. पण दात पुन्हा सुजला आहे. नव्या कॅप्सूल आल्या आहेत, आणि मी गिळून, तोंड उघडून, जीभ वर करून दाखवेपर्यंत बाईसाहेब समोरून हलत नाहीत.