काना की वेलांटी

ता. ४ जानेवारी

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त होऊन सहा महिने झाले आणि माझ्या हाताला पुन्हा काम लागलं. छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतः चुका करायची संधी मिळाली आहे. झालं असं, की एका वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरीणबाई माझा पत्ता शोधत घरी आल्या. पंचवीस वर्षांच्या आतली जी मुलं सिगारेट ओढतात, त्यांच्या फोनवर दोन महिने रोज एक निरोप पाठवायचा आणि काय होतं ते पाहायचं, असा त्यांचा अभ्यास आहे. निरोप साध्या मराठीत लिहून द्यायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

गंमत पुढेच आहे. निरोपात सिगारेटचं नाव काढायचं नाही. फक्त झोप आणि चालणं, एवढ्यावरच बोलायचं. मी विचारलं, हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नव्हे का? तर त्या म्हणाल्या, सिगारेट वाईट हे पाकिटावरही छापलेलं असतं, ते वाचूनच मुलं पाकीट उघडतात. पण झोप नीट झाली आणि अंग हललं, तर तलफ आपोआप सैल पडते की काय, हे त्यांना बघायचंय. पडते की नाही हे त्यांनाही माहीत नाही. मला ते फार आवडलं. माहीत नाही असं सांगणारे डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिले.

माझा पहिला निरोप असा होता: 'पुरेशी निद्रा हा निरोगी जीवनाचा पाया होय.' बाई हसल्या आणि म्हणाल्या, हा वाचून झोप मात्र नक्की लागेल. तेव्हा तू मदत कर. तुमच्या काचेच्या कारखान्यात सिगारेटवाले असतीलच. त्यांच्याशी कसं बोलावं, ते विचारून कळव. तुझी मार्चची परीक्षा कुठवर आली तेही लिही. तुझ्या बाबाला विचारलं तर तो नुसतं 'चाललंय' म्हणतो.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
आत्या

ता. ११ जानेवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा 'निरोगी जीवनाचा पाया'वाला निरोप मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला. दोघांनी जांभया दिल्या.

आमच्याकडे चार जण ओढतात, मागच्या पाण्याच्या टाकीपाशी. त्यातल्या एकाशी माझी चांगली ओळख आहे आणि योगायोग म्हणजे त्याने तुमच्या अभ्यासात नावही नोंदवलंय. कँटीनमध्ये कागद लागला होता. नाव म्हणजे फक्त नंबर आणि वय, बाकी काही विचारत नाहीत. त्याचं म्हणणं असं: 'आपण' नको, बँकेतून आल्यासारखं वाटतं. 'व्यायाम' नको, कवायतीचे मास्तर आठवतात. म्हणी तर मुळीच नकोत (हे तुला जड जाईल). बरोबरीच्या माणसाने सहज विचारावं तसं विचार, आणि एका वेळी एकच गोष्ट सांग.

माझी परीक्षा म्हणजे पाच लिटरचा गोल बुडाचा चंबू. काचेची नळी ज्योतीवर फिरवत राहायची, रबरी नळी दातात धरायची आणि एकसारखं फुंकत तो फुगवायचा. हात आणि श्वास दोन्ही सारखे चालले तरच भिंत सगळीकडून सारख्या जाडीची होते. माझा अर्ध्यात श्वास तुटतो आणि एक बाजू पातळ राहते. परवाचा तर भट्टीत रात्रभर हळूहळू थंड होतानाच तडकला. एकतीस मार्चला माझी शिकाऊ उमेदवारी संपते. चंबू जमला तर माझा स्वतःचा बर्नर आणि बाक, नाही जमला तर चंबूगबाळं आवरून घरी. मला हे काम सोडायचं नाहीये, आत्या. दुसरं कुठलंच काम करताना मला वेळ विसरायला होत नाही.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
चिमटी

ता. २५ जानेवारी

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या मित्राला सांग, त्याच्या सल्ल्याने माझी पन्नास पानं वाया जायची वाचली. आता मी असं लिहिते: 'काल किती वाजता झोपलास? खरं सांग, रागवायचं नाहीये.' किंवा 'आज घरी जाताना एक स्टॉप आधी उतर. वाटेत काय दिसलं?' रोज संध्याकाळी सात वाजता यंत्र ते पाठवतं. उत्तर दिलं तर दिलं.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. आपल्या भाषेत साधं 'झोपलास' म्हटलं तरी समोर मुलगा आहे की मुलगी ते ठरवावं लागतं. मी म्हटलं, 'झोप झाली का' लिहू, म्हणजे कोणालाही चालेल. बाई म्हणाल्या, ते नर्सने विचारल्यासारखं वाटतं, आणि ओढणारे बहुतेक मुलगेच असतात. शेवटी काना राहिला, वेलांटी गेली. मला ते पटलेलं नाही, पण काम त्यांचं आहे.

चंबूसाठी नीट जेव आणि वेळेवर झोप. हा निरोप नाही, आत्याचा हुकूम आहे.

सदैव तुझी,
आत्या

ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, बर्नर तापायला दहा मिनिटं आहेत.

तुझे निरोप चालताहेत. तो मित्र आधी रात्री दोन दोनला झोपायचा, आता साडेअकराला. घरी जाताना दोन स्टॉप चालतो. आणि ऐक, दिवसाच्या बारा सिगारेटी होत्या त्या सातवर आल्या, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पाकीट शनिवारीही संपलं नाही तेव्हा कळलं. असं का व्हावं, याचा त्यालाच अचंबा वाटतो. त्याचा एक अंदाज आहे, बाईंना सांग. झोप अर्धवट झाली की सकाळची पहिली सिगारेट डोळे उघडण्यासाठी लागते, आणि पहिली झाली की बाकीच्या तिच्या मागे रांगेत येतात. झोप झालेली असली की पहिलीच पुढे ढकलता येते.

एकच तक्रार आहे. 'झोपलास का' वाचलं की वाटतं, निरोप शेजारच्या बाकावरच्या कोणाचा तरी आहे, चुकून इकडे आला. 'झोपलीस का' असतं तर लगेच उत्तर द्यावंसं वाटलं असतं.

परवा माझा तीन लिटरचा चंबू सगळीकडून सारखा आला. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला आणि नुसतं हं म्हणाले. त्यांच्याकडून हं म्हणजे पुष्कळ झालं.

आठवण काढणारी,
चिमटी

ता. १८ फेब्रुवारी

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मित्राला 'झोपलीस' कशाला लागतं गं?

एकतीस वर्षं मी काना-वेलांट्यांवर पोट भरलं. तू घाईत लिहिलंस आणि मी सावकाश वाचलं. दिवसभर काच फुंकायची आणि मधल्या सुट्टीत टाकीमागे दुसरं काही फुंकायचं, आणि श्वास अर्ध्यात का तुटतो म्हणून आत्याला पत्र लिहायचं. शहाणी आहेस.

मी रागावले, हे लपवत नाही. पण राग सिगारेटचा कमी आणि त्या 'मित्रा'चा जास्त आला. मला सांगता येणार नाही असं तुला का वाटलं, याचा विचार करत दोन दिवस गेले. बहुतेक चूक माझीच असेल. लहानपणापासून तुझं प्रत्येक पत्र मी लाल शाईने तपासून परत पाठवलं, मग तू चुका कशाला दाखवशील? तुझ्या बाबाला मी काही सांगणार नाही. सांगायचं तेव्हा तूच सांग.

आता वाईट बातमी. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ज्या माणसावर निरोपांचा परिणाम मोजायचा, त्याच माणसाला विचारून मी निरोप लिहीत होते. स्वतःचं लेखन स्वतः तपासलं की चूक दिसत नाही, तसंच हे झालं. तुझा नंबर अभ्यासातून काढावा लागला. परवापासून तुला निरोप येणार नाहीत. परीक्षेला सहा आठवडे उरलेत हे मला ठाऊक आहे आणि त्याचं फार वाईट वाटतंय. पण गप्प बसणं मला जमलं नसतं.

रागावलीस तरी लिहीत राहा,
आत्या

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही. तुझा खरेपणा आणि माझा चंबू, आणि त्यात फुटायचा तो माझा चंबू, असं वाटलं. निरोप थांबले त्या दिवशी अकरा ओढल्या. दुसऱ्या दिवशीही अकरा. तुला कळवायचं आणि तुला दोष द्यायचा, एवढ्यासाठी मोजत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजले तेव्हा मी बसमध्ये होते. फोन गप्प होता. तरी दोन स्टॉप आधी उतरले, पायांना सवय झाली होती म्हणून. वाटेत काय दिसलं ते सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने स्वतःलाच सांगितलं. एक माणूस ओट्यावर बसून मुलीच्या वेणीचा गुंता सोडवत होता आणि मुलगी भूगोलाचं पुस्तक वाचत होती. आता रोज उतरते. सध्या पाचवर आहे.

खोटं बोलले त्याबद्दल माफ कर. तुला सांगायची भीती नव्हती. पण तुझ्या तोंडून 'मला वाटलं नव्हतं' हे ऐकायला लागेल, ते नको होतं. आणि एक विचारू का? निरोप तूच पाठव ना मला.

तुझीच,
चिमटी

ता. ९ मार्च

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

'मला वाटलं नव्हतं' हे मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

तुझ्यासाठी निरोप लिहायला बसले होते. चार कागद फाडले. अनोळखी मुलांना मी गमतीने विचारू शकते, कारण त्यांचं काय होईल या काळजीने माझी झोप उडत नाही. तुझं नाव डोळ्यांसमोर आलं की प्रत्येक वाक्याचा उपदेश होतो. चौथ्या कागदावर तर मी 'पाया' लिहून बसले होते. तेव्हा नको. तू चालतेस तशी चाल आणि वाटेत दिसेल ते मला पत्रात लिही.

बाईंनी आता नोंदणीच्या वेळी मुलगा की मुलगी, ते विचारायला सुरुवात केली आहे. पहिल्याच आठवड्यात एकोणीस मुली निघाल्या. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परीक्षेच्या दिवशी मी काही लिहिणार नाही, पण दिवसभर तुझीच आठवण असेल.

आत्या

ता. ३१ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

चंबू जमला.

पहिला बिघडला, दुसरा जमला. फुंकताना मला मधेच कळलं की आता श्वास तुटायची जागा आली, आणि ती जागा तशीच मागे पडली. भट्टीतून सकाळी बाहेर काढला, उस्तादांनी चारी बाजूंनी जाडी मोजली आणि म्हणाले, उद्यापासून माझ्या बाकावर बस. मला वाटलं, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या बाकाबद्दल बोलताहेत. नाही, त्यांचाच बाक. ते उद्यापासून तपासणीच्या टेबलावर बसणार आहेत.

सगळे चहाला गेल्यावर त्यांनी मला थांबवून सांगितलं, की दीड वर्षापासून त्यांच्याच्याने मोठा चंबू फुंकवत नाही. ऑफिसला सांगायचे, बर्नर बरोबर नाही. मला शिकवताना त्यांनी रबरी नळी कधी स्वतःच्या तोंडात धरली नाही. मला वाटायचं, कडक आहेत, स्वतः करून दाखवायचं नाही असा नियम आहे. आत्या, मी फार आनंदात होते आणि एकदम रडूच आलं.

मग त्यांनी विचारलं, दोन महिन्यांत तुझा श्वास कसा सुधारला? खोटं बोलायचा कंटाळा आला होता. टाकीमागचं सगळं सांगितलं. त्यांनी हसून सांगितलं, की टाकीमागची ती जागा तीस वर्षांपूर्वी त्यांनीच शोधली होती. मी फोन काढून तुझे जुने निरोप दाखवले. ते फोन लांब धरून, उभ्या उभ्या, सगळेच्या सगळे वाचत गेले. चहाची सुट्टी संपत आली. मग विचारलं, हे छप्पन्न वर्षांच्या माणसाला येतात का? मी म्हटलं, पंचवीसच्या आतच. त्यांनी फोन परत दिला आणि बर्नर पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

माझ्या सिगारेटी काल तीन झाल्या, आज एक. सुटल्या असं अजून म्हणत नाही. बाबांना रविवारी सांगणार आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. उस्तादांना विचारून त्यांचा नंबर खाली लिहिलाय. माझ्यासाठी तुला जमलं नाही ते मला पटलं. पण तू त्यांची कोणीच नाहीस, म्हणून तुला जमेल. 'तुम्ही' म्हण, एका वेळी एकच गोष्ट सांग, आणि वाटेत काय दिसलं ते नक्की विचार. फक्त श्वासाबद्दल काही लिहू नकोस. ते त्यांना माहीत आहे.

उद्यापासून त्यांच्या बाकावर बसणारी,
तुझी चिमटी